तेरावं लाकूड

ओल्शिन्का
६ डिसेंबर १९२९, संत मिकुलाशचा दिवस

प्रिय वेरोनाताई,

येशूची स्तुती असो. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. मृतांच्या दिवशी आलेलं तुझं पत्र अजून माझ्या उशीखाली आहे. रोज लिहीन म्हणतो आणि रोज काहीतरी होतं. आधी शाई गोठली, मग चष्म्याची काडी तुटली, आणि मग मालिना आटली.

महिनाभर तिचं दूध कमी कमी होत होतं, गेल्या शनिवारपासून थेंब नाही. मी चाकं बनवणारा माणूस. गाईचं सगळं माझी काता बघायची, आणि काता जाऊन आता दोन वर्षं झाली. पण चारा तोच, गोठा तोच, मग दूध जातं कुठे, एवढं तर मीही विचारू शकतो.

गावात म्हणतात, शेजारी जातं. म्हणजे इल्काकडे. तुला ती आठवत असेल, मेंढपाळ यानोची विधवा. काताला माती दिली त्या दिवशी तिनेच सगळ्यांसाठी सूप केलं होतं. तिची एक सवय मला पहिल्यापासून खटकते. दर दोन दिवसांनी काहीतरी मागायला येते. सोमवारी सुई नेते, गुरुवारी परत आणते. एकदा कांदा नेला आणि दुसऱ्या दिवशी कांदा आणून दिला. मी नीट पाहिलं, तोच कांदा होता. चेटकीण घरातून वस्तू नेते आणि तिच्यासोबत दूध नेते, हे आजी सांगायची ना?

काल आपला गावप्रमुख गाश्पर आला. म्हणाला, "काका, यंदा लुत्सियाची तिवई तुम्हीच करा. तुमच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही."

मी शाळेत दोनच हिवाळे गेलो, म्हणून मला आठवतं ते लिहितो, चुकलं तर कळव. तेरा जातींची लाकडं. संत लुत्सियाच्या दिवसापासून नाताळच्या संध्याकाळपर्यंत रोज थोडंच काम. खिळा एकही नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेच्या प्रार्थनेला चर्चच्या दाराशी त्या तिवईवर बसायचं. जी वेदीकडे पाठ करून उभी दिसेल ती चेटकीण. मग चेटकिणी मागे लागतात, म्हणून खसखस उधळत घरी पळायचं. त्या दाणे वेचत बसतात आणि आपण सुटतो.

मी गाश्परला म्हटलं, "आणि दुसरंच कोणी दिसलं तर?"

तो हसला. "काका, तुमचे डोळे अधू. शेजारचंच काय ते तुम्हाला नीट दिसणार. एकदा तुम्ही नाव घ्या. घर गावचं आहे, यानो मेंढपाळ होता म्हणून दिलेलं. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की तिला गाडीत बसवू आणि भावाकडे पोचवू."

त्याच्या पोराचं लग्न तुमच्या ख्राप्कोवातल्या मुलीशी ठरलंय आणि नव्या जोडप्याला घर नाही. हे तो बोलला नाही, मी आपलं लिहितो.

माझ्याकडे बारा लाकडं आहेत. तेरावं रानटी नाशपतीचं हवं, ते तुझ्या परसात आहे. हातभर पाठव. मला झोप लागत नाही, ताई. गाय गेली तर मी काय करू? आणि इल्काच निघाली तर?

तुझा भाऊ
मातूश


ख्राप्कोवा
१० डिसेंबर

मातूश,

तुझं पत्र मी सुनेला वाचून दाखवलं. तिला हसताना उचकी लागली, अजून थांबली नाही.

तू म्हणतोस तोच कांदा होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चष्म्याला काडी नाही, आणि कांदे ओळखतो! काताने चाळीस वर्षांत बांधलेला एकही नवा रुमाल तू ओळखला नाहीस.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. मे महिन्यात मालिना कुणाच्या कुरणात चरत होती? तिथे वळू होता का? तिचं पोट कसं दिसतं? इल्काने दूध चोरलं असेल तर ती ते करते काय? तिचं लोणी कुणी पाहिलंय? ती जाड झाली आहे का?

आणि गाश्परला विचार, त्याच्या बायकोने गेल्या ईस्टरला फादरना दिलेलं चीज कुणाच्या दुधाचं होतं. विचारू नकोस, तुझ्यात तेवढा दम नाही. मनात ठेव.

लाकूड पाठवते आहे. पोस्टाच्या माणसाने विचारलं, आजी, थंडीत भावाला एकच काठी पाठवता, त्याने शेक घ्यायचा तरी कसा? मी म्हटलं, शेकायला नाही, हाणायला पाठवते.

वेरोना


ओल्शिन्का
१५ डिसेंबर

प्रिय ताई,

लाकूड मिळालं. चांगलं आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वळूबद्दल बहिणीने भावाला विचारू नये. मालिनाचं पोट आहे तसं आहे, जरा फुगलंय, आणि तेही मला चेटकाचंच वाटतं.

परवा लुत्सियाचा दिवस झाला. रीतीप्रमाणे पिठाने तोंड पांढरं केलेल्या बायका पांढऱ्या चादरी पांघरून आल्या, हंसाच्या पिसाने माझ्या खोलीचे कोपरे झाडले आणि एक शब्द न बोलता गेल्या. त्यांतली एक शिंकली, त्यावरून ती गाश्परची बायको हे कळलं. या दिवशी घरातून काही उसनं द्यायचं नाही आणि जी मागायला येईल ती चेटकीण, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून मी दाराला कडी घातली, खिडकीत लसूण ठेवला आणि तिवईसाठी पहिला छेद घेतला.

तेवढ्यात टकटक. इल्का.

"अहो शेजारी, जरा चाळण द्याल का?"

मी कडी न काढताच म्हटलं, "आज? आज मागतेस?"

"पीठ आज चाळायचंय, मग उद्या मागू का?"

"इल्का, आज दिवस कोणता आहे?"

ती म्हणाली, "तुमच्या दाराशी उभं राहिल्यावर मला दिवस कळत नाही." आणि पुढे म्हणाली, "मालिनाला आता छळू नका. तिला निजू द्या. वेळ आली की सगळं आपोआप बाहेर येईल."

ताई, माझ्या हातातून रंधा पडला. अशी धमकी! आणि तीही एवढ्या गोड आवाजात.

तेव्हापासून मला सवड नाही. मी तिवई करतोय हे गावभर झालंय आणि घरात माणसांची रीघ लागली आहे. पीठगिरणीवाला सॉसेज घेऊन आला. म्हणाला, "काका, माझी सासू उजव्या हाताला तिसऱ्या बाकावर बसते, तिकडे नका बघू. नाही म्हणजे बघायचंच असलं तर बघा, माझं काही म्हणणं नाही." शिंप्याने आलुबुखाराची दारू आणली आणि बायको त्या दिवशी आजारी पडणार आहे हे आत्ताच सांगून ठेवलं. आंबवलेल्या कोबीची तीन मडकी झाली आहेत. दोघी बहिणी पाठोपाठ आल्या आणि दोघींनी एकमेकींचं नाव कानात सांगितलं. दोन वर्षांत माझ्या घरी इतकी माणसं आली नव्हती. सगळे म्हणतात, काका, तुम्ही किती वाळलात.

आणि निघताना प्रत्येक जण इल्काच्या खिडकीकडे मान हलवून दाखवतो. ती मात्र काही घेऊन आली नाही. त्याचा अर्थ काय लावायचा?

मातूश


ख्राप्कोवा
१९ डिसेंबर

मातूश,

चाळण! अरे मूर्खा, इल्काकडे दोन चाळण्या आहेत. काताला माती दिली त्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात तीन तास उभी होते. एक बारीक, एक जाड, दोन्ही चुलीमागे लटकलेल्या. सुयांची तर पेटी आहे. आणि कांद्यांच्या माळा इतक्या, की डोकं आपटत होतं.

आता हिशेब तू कर, तुला दोन हिवाळ्यांची शाळा आहे. सुई न्यायला एक फेरी. सुई परत द्यायला दुसरी फेरी. ज्या बाईकडे सुयांची पेटी आहे ती बाई तुझी गंजकी सुई दोन वर्षं का नेते-आणते आहे?

मी उत्तर लिहीत नाही. तुला चाकाचा आरा एका केसाने वाकडा असला तरी कळतो, तर हेही कधीतरी कळेल. मी वाट बघते, पण माझं वय बहात्तर आहे, जरा लवकर कळलं तर बरं.

बाकी सॉसेज खाणाऱ्याला एवढंच सांगते. उद्या इल्काची गाडी निघाली की कोबी घेऊन येणारे बंद होतील आणि सुई मागणारीही नसेल. तू आणि तुझी आटलेली गाय, बसा एकमेकांकडे बघत.

तू तिचं नाव घेतलंस तर मला पत्र लिहू नकोस.

वेरोना


ओल्शिन्का
२७ डिसेंबर

प्रिय ताई,

लिहितोय, यावरून काय ते समज. पण पूर्ण वाच.

तुझं पत्र बर्फामुळे चोवीस तारखेला दुपारी आलं. तीनदा वाचलं. मग आठवलं की खसखस नाही. काता परसात लावायची, मी दोन वर्षांत लावली नाही. गावात मागायची सोय नव्हती, सगळ्यांनाच कळलं असतं की मी घाबरून पळणार आहे. मग काय, इल्काकडेच गेलो.

तिने दार उघडलं तर मागे गाठोडं बांधलेलं. चुलीमागच्या भिंतीवर दोन खिळे, दोन्ही रिकामे.

"खसखस हवी होती," मी म्हटलं.

"मिस्सेसाठी?"

मी मान हलवली. मला वाटलं दार लावेल. तिने मडकं आणलं आणि माझ्या टोपीत भसाभस ओतलं. "घ्या लागेल तेवढी. पळताना कमी पडायला नको. फक्त माझ्या अंगणात टाकणार असाल तर बेताने टाका, उद्या मलाच झाडावं लागेल."

ताई, लुत्सियाच्या दिवसाचा उसन्याचा नियम नाताळच्या संध्याकाळीही असतो, आणि मागायला मी गेलो होतो. हे माझ्या घरी परतल्यावर लक्षात आलं. नियमाने बघितलं तर चेटकीण मीच. पण पुरुषाला तो नियम लागतो की नाही हे आजीने सांगितलं नव्हतं.

रात्री चर्च गच्च भरलं होतं. शिंप्याची बायकोसुद्धा बरी होऊन आली होती. मी दाराजवळ तिवई मांडली आणि बसलो. मिस्सा सुरू झाली. वेदीजवळ मेणबत्त्या, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, तोंडं वेदीकडे. म्हटलं, देवाची कृपा, कोणीच नाही, घरी जाऊन सॉसेज खाऊ.

मग गाश्परच्या बायकोने मागे वळून पाहिलं. मी कोणाकडे बघतोय ते बघायला. तिच्या शेजारचीने तिला वळलेलं बघितलं आणि तीही वळली. मग पीठगिरणीवाल्याची सासू. दोघी बहिणी. मग पुरुष. एकेक बाक वळत गेला. मी डावीकडे बघितलं की सगळे डावीकडे बघत, उजवीकडे बघितलं की उजवीकडे. सगळ्या गावाची तोंडं माझ्याकडे आणि सगळ्या गावाची पाठ वेदीकडे. गाणारेसुद्धा वळून गात होते. फादरही वळले. पण ते प्रार्थनेत अधूनमधून वळतातच, म्हणून त्यांना मी धरलं नाही. धरायला हवं होतं का? ते कळव.

एकच पाठ मला दिसत होती. करड्या शालीतली. इल्का पुढच्या खांबापाशी गुडघ्यांवर होती, तोंड वेदीकडे, आणि तिच्या मानेवरचे केस रुमालातून सुटले होते. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तिला माहीत होतं मागे काय चाललंय, कान लाल झाले होते. तरी नाही पाहिलं.

बाहेर आलो तर सगळं गाव पायऱ्यांवर. गाश्पर मोठ्याने म्हणाला, "बोला काका, घाबरू नका. कोण होती?"

मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "नियम काय आहे? वेदीकडे पाठ करील ती."

"हो, हो. मग कोण?"

"तुझी बायको पहिली."

तिच्या शेजारची हसली. मी म्हटलं, "हसू नकोस, दुसरी तू. तिसरी गिरणीवाल्याची सासू. मग हे दोन्ही बाक, मग ते. आणि गाश्पर, तूही. सगळे. सगळं ओल्शिन्का उलटं बसलं होतं. सुलटी एकटी इल्का."

"म्हाताऱ्याला चढली आहे!" शिंपी ओरडला.

"चढायला तुझीच दारू आहे," मी म्हटलं आणि पळालो.

मागून सगळे धावले. मी टोपीतली खसखस उधळली. ताई, खरं सांगतो, सगळे थांबले. यंदा खसखस कुणाच्याच परसात धड झाली नाही. गाश्परची बायको बर्फात गुडघ्यावर बसली, "अरे वाया चालली, चांगली खसखस आहे!" म्हणत एप्रनमध्ये भरायला लागली, आणि तिच्या मागे सगळ्याजणी. आता याहून मोठा पुरावा कोणता?

घरी येऊन कडी लावली. तेव्हापासून कोणी आलं नाही. कोबी संपत आली आहे. गाश्पर म्हणतो, चेटकीण असो नसो, सणानंतर घर रिकामं झालंच पाहिजे. गाठोडं अजून बांधलेलंच आहे, मी खिडकीतून रोज बघतो.

मी तिला वाचवलं ना, ताई? मग ती का चालली आहे?

मातूश


ख्राप्कोवा
३० डिसेंबर

मातूश,

लग्न मोडलं.

मी फक्त विहिरीवर दोघींना सांगितलं, आणि चर्चमध्ये तिघींना, आणि शेवटी मुलीच्या आईला, कारण तिला बाहेरून कळलं तर वाईट दिसतं. मुलीचा बाप म्हणाला, ज्या गावात अख्खं गाव चेटकी निघालं, सासूबाई पहिला नंबर, तिथे मी पोर देत नाही. आता गाश्परच्या पोराला बायको नाही, म्हणजे घर नको. त्याला तसं कळवलंय. इल्काला म्हण, गाठोडं सोड.

आता दोन गोष्टी. एक, तुझी गाय गाभण आहे, गाढवा. व्यायच्या आधी दोन महिने गाय आटतेच. इल्काने दारात उभं राहून तुला तेच सांगितलं, तिला निजू द्या. फेब्रुवारीत वासरू होईल, त्यालाही लसूण बांधू नकोस.

दोन, तुझी तिवई खोटी होती. मी पाठवलेलं लाकूड रानटी नाशपतीचं नव्हतं, माझ्या मोडक्या दाताळ्याचा अ‍ॅशच्या लाकडाचा दांडा होता. मला त्या गरीब बाईचं नाव तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. रागावलास तर राग.

वेरोना


ओल्शिन्का
२ जानेवारी १९३०

प्रिय ताई,

मी रागावलो नाही. लाकूड हातात घेताच मला कळलं होतं. पन्नास वर्षं मी अ‍ॅशचेच आरे घडवले, त्याचा वास मला झोपेतही कळतो. आणि बारा लाकडांत अ‍ॅश आधीच होतं. तरी तेच बसवलं. तिवई खरी झाली असती तर मला खरं दिसलं असतं, आणि इल्का दिसेल या भीतीने मी तीन आठवडे झोपलो नव्हतो.

म्हणून आता दुसरीच काळजी लागली आहे. तिवई खोटी, म्हणजे जे पाहिलं ते मी साध्या डोळ्यांनी पाहिलं. ते जास्त वाईट नाही का?

काल सकाळी चाळण घेऊन तिच्याकडे गेलो. तीन राजांच्या सणापर्यंत घरातून काही बाहेर देऊ नये, दिलं तर घराचं नशीब जातं. म्हटलं, जाऊ दे, तिथेच जाऊ दे.

"चाळण आणली आहे," मी म्हटलं.

"मला कशाला? माझ्याकडे दोन आहेत."

"मग मागितलीस कशाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण फाटकात अडून राहिलेल्या गाईकडे बघतो. "आत या," म्हणाली, "थंडी शिरते आहे."

तिच्याकडे खुर्ची एकच. मी परत घरी गेलो आणि तिवई घेऊन आलो. तिने ती उलटीसुलटी करून बघितली, एक पाय आखूड आहे म्हणाली. ताई, तो आखूड नाही, तिची जमीन वाकडी आहे. यावरून आमचं दुपारपर्यंत भांडण चाललं. तोवर सूप झालं. मी निघालो तेव्हा तिने गाठोड्यातली एक चाळण खिळ्यावर टांगली आणि म्हणाली, दुसरी उद्या टांगायची आहे, हात पोचत नाही.

हात पोचतो, मी पाहिलंय. तू काय म्हणतेस? मी जाऊ ना? आणि रिकाम्या हाताने जाऊ की सुई घेऊन? लवकर कळव, ताई, फार उशीर करू नकोस. पोस्टमनला सांग, मी घरी नसलो तर शेजारचं दार वाजव म्हणावं.

तुझा
मातूश